नावापुरत्या विश्वस्त

डॉक्टरीणबाई विश्वस्त झाल्या त्या एका कवळीमुळे.

ज्यांना चालता येत नाही अशा गरीब माणसांना फुकट व्हीलचेअर देणारी एक संस्था शहरात होती. तिचे अध्यक्ष म्हणजे टायरचे बडे व्यापारी. एके दिवशी ते आपल्या आईला घेऊन डॉक्टरीणबाईंच्या दातांच्या दवाखान्यात आले. म्हातारीने आधीच्या दोन कवळ्या टोचतात म्हणून खिडकीतून खाली भिरकावल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी तिसरी केली, पुन्हा पुन्हा घासून बेतात बसवली, आणि म्हातारीने तिथल्या तिथे एक टोस्ट कडाकड चावून दाखवला. अध्यक्षांना भरून आलं. तुमच्यासारखी माणसं आमच्या संस्थेला हवीत, म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी वेळ नसल्याचं सांगितलं, तर त्यांनी हात जोडले.

"तुम्ही नुसतं नाव द्या. बाकी सगळं आम्ही बघतो."

नाव द्यायला काय जातं? डॉक्टरीणबाईंचं वय तेव्हा पन्नाशीच्या आत-बाहेर. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांच्या तोंडात वाकून वाकून मान धरलेली, मुलगी शिकायला परगावी गेलेली, यजमान जमीनमोजणीच्या खात्यातून नुकतेच निवृत्त होऊन घरी शब्दकोडी सोडवत बसलेले. दवाखाना सोडला तर त्यांना कुणी कशाला बोलावत नव्हतं. त्यामुळे संस्थेच्या कागदावर डाव्या बाजूला छापलेल्या नावांच्या रांगेत आपलंही नाव पाहिलं तेव्हा त्यांना बरं वाटलं. खोटं कशाला बोला, चांगलंच बरं वाटलं.

बैठका अध्यक्षांच्या दुकानावरच्या एसी खोलीत व्हायच्या. लांब काचेचं टेबल, भिंतीवर फोटो, आणि खालून जिन्यावर येणारा नव्या रबराचा वास. चहा यायचा, बिस्किटं यायची. चिटणीस म्हणजे कॉलेजच्या कचेरीतून निवृत्त झालेले एक गोडबोले गृहस्थ. ते हिशेब आणि अहवाल वाचायचे, तेही असे की अंगाईच वाटावी. विश्वस्तांत एक निवृत्त न्यायाधीश होते, ते दुसऱ्या पानावर डोळे मिटत आणि आभार मानायला लागले की उघडत. मग कागदांची फेरी निघायची. जिथे पेन्सिलीने बारीक फुली केलेली असेल तिथे सही करायची. डॉक्टरीणबाईंची सही झोकदार होती. अध्यक्ष दर वेळी तिचं कौतुक करत.

वर्षातून एकदा समारंभ. मोठ्या सभागृहात मंच, मंचावर चकचकीत व्हीलचेअरची रांग, आणि समोर देणगी देणारी मंडळी. एकेकाचं नाव पुकारलं की नातेवाईक त्या माणसाला उचलून वर आणायचे, खुर्चीत बसवायचे. खुर्चीमागे उभं राहून मुठी धरायच्या आणि फोटोग्राफरकडे बघून हसायचं, हे काम डॉक्टरीणबाईंकडे होतं. दात सुंदर होते त्यांचे. दातांच्या डॉक्टरचे असायलाच हवेत.

यजमान अध्यक्षांना 'दानशूर' म्हणायचे. तुझा दानशूर मला फार हसरा वाटतो, असं एकदा कोड्यातून मान वर न करता म्हणाले होते. डॉक्टरीणबाई त्यांच्यावर वैतागल्या होत्या. तुम्हाला चांगलं काही बघवतच नाही, असंही म्हणाल्या होत्या.

अशी काही वर्षं गेली.

मग एका दुपारी दवाखान्याच्या पायऱ्यांवर धापा ऐकू आल्या. एक नळदुरुस्तीवाला आपल्या बायकोला पाठुंगळी घेऊन चढत होता. पाठीवर बायको, गळ्यात पुढे हत्यारांची पिशवी. बायको कपड्यांची दुरुस्ती करायची, चेन बदलणं, पँट आखूड करणं, उसवलेलं शिवणं. पायांत लहानपणापासून जीव नव्हता, म्हणून हाताने फिरवायचं मशीन ठेवलं होतं. त्या उजव्या हाताचा दंड एखाद्या पहिलवानासारखा झाला होता. दाढ ठणकत होती आणि गालावर सूज होती.

डॉक्टरीणबाईंनी तिला ओळखलं. दोन वर्षांपूर्वी मंचावर हिच्याच खुर्चीमागे त्या उभ्या होत्या. फोटो संस्थेच्या पुस्तिकेवर छापला होता, त्यात दोघी हसत होत्या.

खुर्ची कुठे आहे, असं त्यांनी सहज विचारलं. खाली ठेवली असेल, अशी त्यांची समजूत.

शिवणवालीने सुजलेल्या तोंडाने सांगितलं ते असं. फोटो झाल्यावर मंचामागच्या खोलीत नेलं. तिथल्या माणसांनी सांगितलं, खुर्चीवर नंबर ठोकायचा आहे, स्क्रू आवळायचे आहेत, आठवड्याभरात फोन येईल, मग घेऊन जा. पोचपावतीवर अंगठा नको, सही येते ना, मग सही करा, म्हणाले. तिने सही केली. मग नवऱ्याने तिला पाठुंगळी घेतलं आणि दोघं बसने घरी आले. फोन आला नाही. नवरा पुष्कळ वेळा अध्यक्षांच्या दुकानात जाऊन आला. शेवटी तिथला माणूस म्हणाला की तुम्हाला खुर्ची मिळालेली आहे, ही बघा तुमचीच सही, आता दुसरी कशी मिळेल.

"तुम्ही मला का नाही सांगितलंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

शिवणवाली जरा गोंधळली. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल," ती म्हणाली. "तुम्ही तिथेच तर उभ्या होतात."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर डॉक्टरीणबाईंना सोपं गेलं असतं. त्यांनी दाढेखालचा पू काढला, औषध भरलं, पैसे घेतले नाहीत, आणि ती दोघं पायऱ्या उतरून गेल्यावर बराच वेळ हात धूत राहिल्या.

चिटणीसांना फोन केला तर ते मधासारखे वितळले. अहो, एखाद्या वेळी राहून जातं, एवढा मोठा व्याप, मी लक्ष घालतो, तुम्ही कशाला त्रास करून घेता. पुढच्या बैठकीत डॉक्टरीणबाईंनी विषय काढला. खुर्च्या ठेवतात ते गोदाम मला बघायचंय, म्हणाल्या. न्यायाधीशांनी डोळे उघडले आणि हा विषय आजच्या कार्यक्रमपत्रिकेवर नाही असं सांगून पुन्हा मिटले. अध्यक्ष हसले. गोदामात काय बघायचंय, धूळ आहे नुसती, तुम्हाला शिंका येतील, म्हणाले. मग बिस्किटांची बशी त्यांनी स्वतःच्या हाताने डॉक्टरीणबाईंच्या पुढे सरकवली. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी बिस्किट घेतलं नाही.

डॉक्टरीणबाईंची धाकटी बहीण वकील होती. तिला रात्री फोनवर सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ताई, तू परवानगी कुणाकडे मागतेयस? तू विश्वस्त आहेस. गोदाम बघणं हा तुझा हक्क नाही, ते तुझं काम आहे. इतकी वर्षं केलं नाहीस ते."

दुसऱ्या दिवशी दोघी बहिणी रिक्षा करून गेल्या. गोदाम शहराबाहेर, गॅरेज आणि भंगारवाल्यांच्या रांगेत होतं. पहारेकऱ्याने संस्थेच्या पुस्तिकेवरचा फोटो आणि बाईंचा चेहरा पडताळून पाहिला, आणि सरळ शटर वर केलं. कुणी विश्वस्त येऊ शकतो असं त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. येऊ देऊ नकोस असंही सांगितलेलं नव्हतं. आजवर कुणी आलंच नव्हतं.

पुढच्या बाजूला, स्वच्छ चादरीखाली, समारंभाच्या खुर्च्या होत्या. पुसलेल्या, तेलपाणी केलेल्या, फोटोसाठी तयार. त्याच त्या. एकीच्या हातावर चिकटपट्टीचा तुकडा होता, तो डॉक्टरीणबाईंनी मागच्या तीन समारंभांत नखाने खरवडायचा प्रयत्न केला होता. त्यांच्यामागे अर्धं गोदाम भरून अध्यक्षांचे टायर नीट थप्प्या लावून ठेवलेले. आणि त्याच्याही मागे, जिथे दिवा नव्हता, तिथे बाकीच्या खुर्च्या.

एकीवर एक, छतापर्यंत रचलेल्या. वरच्यांवर कबुतरांच्या विष्ठेचा पांढरा-हिरवा थर इतका साचला होता की खालची गादी दिसत नव्हती. खालच्यांच्या गाद्या उंदरांनी कोरून आत घरं केली होती. मुतारीसारखा उग्र वास, डोळ्यांत पाणी आणणारा. डॉक्टरीणबाईंनी आधाराला एका चाकावर हात ठेवला, तर रबर पाघळून चिकट झालेलं होतं, ते तळहाताला लागून आलं, डांबरासारखं. कोपऱ्यात लहान मुलांच्या खुर्च्या होत्या, लाल-पिवळ्या रंगाच्या. त्यांचं प्लास्टिक फोडलेलंसुद्धा नव्हतं. आत बाष्प धरून बुरशी चढली होती. ज्या पोरांसाठी त्या आल्या ती आता मोठी होऊन त्यांत मावलीही नसती. त्यांतल्या एकीत उंदराची पिल्लं मेलेली होती, वाळून कागदासारखी झालेली.

डॉक्टरीणबाई बाहेर येऊन गटाराच्या कडेला ओकल्या. जन्मभर सडलेले दात उपसले, कुजलेल्या हिरड्यांचा पू निपटला, कधी पोटातलं पाणी हललं नव्हतं. बहिणीने पाण्याची बाटली दिली. पहारेकरी काळजीने म्हणाला, बाई, सवय नसते ना.

बहिणीने संस्थेचे मागचे अहवाल मागवून घेतले होते. त्यांत लपवलेलं असं काहीच नव्हतं. गोदामाचं भाडं दर वर्षी खर्चात दाखवलेलं होतं, आणि गोदाम अध्यक्षांच्या पत्नीच्या नावावर आहे हेही खाली बारीक अक्षरांत होतं. त्याच्याच खाली विश्वस्तांच्या सह्या होत्या. झोकदार सही लांबूनही ओळखू येत होती. खुर्च्या जितके दिवस आत, तितके दिवस भाडं चालू, आणि तेही स्वतःच्या टायरशेजारी. देणगीदारांना दाखवायला पुढची एक रांग पुरेशी होती.

"कुंपणच शेत खातंय म्हणायचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय," बहीण म्हणाली. "त्यातलं आंधळं तू आहेस, ताई."

राजीनामा देते, उद्याच्या उद्या देते, मला त्या माणसांचं तोंड बघायचं नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणायला लागल्या. तेव्हा बहिणीने त्यांना दवाखान्यातच समोर बसवलं आणि कायदा सांगितला. विश्वस्त म्हणजे दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतलेला माणूस. स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी काळजी त्याने घ्यायलाच हवी. खाल्लं नाही एवढं पुरत नाही, खाताना कुणी दिसलं तर अडवायला हवं, आणि दिसत नसेल तर बघायला हवं. नावापुरता विश्वस्त असा प्रकारच कायद्यात नाही. राजीनाम्याने पुढची जबाबदारी सुटते, मागची धुतली जात नाही. आणि तक्रार केलीस, तर चौकशी सगळ्यांची होईल. तक्रार करणारीही तूच आणि जाब देणारीही तूच.

"म्हणजे मला काहीच वाट नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आहे की. पण ती सुटायची वाट नाही." आणि जाता जाता दाराकडे बघून ती म्हणाली, "अपंगांच्या संस्थेची विश्वस्त तू, आणि तुझ्या दवाखान्याला तीन पायऱ्या."

डॉक्टरीणबाईंनी त्याच आठवड्यात गवंडी बोलावला आणि पायऱ्यांच्या अर्ध्या भागावर उतार बांधून घेतला. गवंड्याने विचारलं, बाई, घरात कुणाचा पाय मोडलाय का.

तक्रार लिहून झाली होती, द्यायची बाकी होती, तोवर चिटणीस घरी आले. कुणीतरी त्यांना कळवलं असावं. सोफ्याच्या कडेवर टेकले, चपला पायाशी नीट जोडून ठेवल्या, यजमानांच्या कोड्यातला एक शब्दही सुचवला. मग मुद्द्यावर आले. तुमच्यासारख्या सज्जन बाईंना यात त्रास व्हावा हे मला बघवत नाही, म्हणाले. त्यांच्याकडे बैठकांची इतिवृत्तं होती, काही अजून बांधायची राहिली होती. त्यांत मागच्या तारखांना एकेक ओळ घालता येईल. 'डॉक्टरीणबाईंनी वाटपाबद्दल शंका उपस्थित केली.' पुढच्या बैठकीत, 'डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारणा केली.' उद्या काही झालंच तर तुम्ही स्वच्छ. आमचं आम्ही निस्तरू. तुम्ही फक्त तो कागद पुढे पाठवू नका.

यजमानांची पेन्सिल थांबली होती.

डॉक्टरीणबाईंना आयुष्यभर ज्याची सर्वात जास्त किळस वाटली ते गोदाम नव्हतं, तर त्यानंतरचा हा क्षण. कारण त्यांना ते हवंसं वाटलं. किती सोपं होतं. दोन ओळी, आणि आपण पहिल्यापासून जागे होतो असं ठरलं असतं. ज्या बैठकांत त्यांनी चहात बिस्किट बुडवलं, त्याच बैठकांत त्यांनी शंका घेतली असती. आणि लोकांनी, मुलीने, उद्या नातवंडांनीही ते खरं मानलं असतं. त्या बोलायला तोंड उघडेपर्यंत त्यांना खात्री नव्हती की आपण काय म्हणणार.

"मी काही विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मी सह्या केल्या. तसंच राहू दे ते."

चिटणीस वाईट वाटल्यासारखा चेहरा करून उठले. तुम्ही फार भावनेने विचार करता, म्हणाले. ते गेल्यावर यजमानांनी सोफ्याच्या कडेची चादर काढून धुवायला टाकली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपण होऊन काही धुवायला टाकलं असेल.

धर्मादाय खात्याने चौकशी लावली. खोली लहान, पंखा कुरकुरणारा, खिडकीची एक काच पुठ्ठ्याने बदललेली. चौकशी अधिकाऱ्याला सर्दी झाली होती, तो सारखा नाक पुसत होता, आणि पुसता पुसता नेमकं मर्मावरचंच विचारत होता.

अध्यक्ष ताठ होते. मी एक रुपया खिशात घातला असेल तर दाखवा, म्हणाले. भाडं बाजारभावाने घेतलं, तेही अहवालात दाखवून. खुर्च्या का वाटल्या नाहीत असं विचारल्यावर मात्र त्यांना मनापासून आश्चर्य वाटलेलं दिसलं.

"सगळ्या वाटून टाकल्या तर पुढच्या वर्षी देणगीदारांना दाखवायचं काय?" ते म्हणाले. "संस्था चालवायची असते, साहेब."

चिटणीसांनी सगळं अध्यक्षांच्या आज्ञेवर ढकललं. एका विश्वस्तांनी दाखला आणला की त्यांना कमी ऐकू येतं. निवृत्त न्यायाधीशांनी सांगितलं की ते केवळ सन्मानाने मंडळावर होते, दैनंदिन कारभाराशी त्यांचा संबंध नव्हता, आणि त्यांच्या वयाचा विचार व्हावा. या माणसाने अख्खी हयात लोकांना 'मला माहीत नव्हतं हे चालत नाही' असं सुनावत काढली होती. आता तोच हात झटकून काखा वर करत होता, आणि त्याला काही वाटत नव्हतं. डॉक्टरीणबाईंना त्याच्या स्वच्छ, कडक इस्त्रीच्या शर्टाकडे बघवेना. एकेकजण उठत होता आणि आपण तिथे नव्हतोच असं सिद्ध करत होता. मग त्या खोलीत बसून इतकी वर्षं बिस्किटं खाल्ली कोणी?

त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी थोडक्यात सांगितलं. कागद पुढे येत होते, वाचायला वेळ होता, मी वाचले नाहीत. माझा हात धरून कुणी सह्या करून घेतल्या नाहीत. खुर्च्यांमागे उभी राहून मी फोटो काढून घेतले. नंतर त्या माणसांचं काय झालं हे मी एकदाही विचारलं नाही. अधिकाऱ्याने नाक पुसलं आणि लिहून घेतलं. शाबासकी द्यायची त्याला सवय नसावी.

दुपारच्या सुट्टीत बाहेरच्या बाकावर त्या एकट्या बसल्या होत्या, तर चिटणीस शेजारी येऊन बसले. त्यांचा चेहरा एका बाजूने ओढल्यासारखा झाला होता. इकडेतिकडे बघत त्यांनी गालात बोट घातलं आणि हळूच म्हणाले, जरा बघता का, ही मागची दाढ दोन दिवस फार हलतेय. आणि तिथेच, तारखेसाठी थांबलेल्या माणसांसमोर, त्यांनी आ केला.

डॉक्टरीणबाईंनी पाहिलं. सवयीने मान वाकलीच. जिभेवर पांढरा थर, हिरडी सुटलेली, दाढेच्या मुळाशी पिवळा पू.

"काढावी लागेल," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाकडे जा."

निकाल लागायला पुष्कळ वेळ गेला, पण लागला. अध्यक्ष आणि चिटणीस यांना काढून टाकलं, घेतलेलं सगळं भाडं परत करायला लावलं, आणि खोट्या पोचपावत्यांचं प्रकरण पोलिसांकडे गेलं. सडलेल्या खुर्च्यांची भरपाई मात्र सगळ्या विश्वस्तांवर मिळून पडली, जागे, झोपलेले, बहिरे, सगळ्यांवर. निकालात लिहिलं होतं की शोभेसाठी बसलेला विश्वस्तही विश्वस्तच असतो आणि न बघणं हीदेखील केलेली कृती आहे. डॉक्टरीणबाईंनी स्वतः तक्रार केली म्हणून त्यांच्या वाट्यात थोडी सूट मिळाली. सूट मिळाली, सुटका नाही. पुढची काही वर्षं कुठल्याही संस्थेवर बसायला त्यांनाही इतरांसारखीच मनाई झाली.

म्हातारपणासाठी गावाबाहेर एक जमिनीचा तुकडा घेऊन ठेवला होता, यजमानांनी स्वतः साखळी धरून मोजलेला. तो विकला. यजमान खरेदीदाराला हद्दीच्या खुणा दाखवायला गेले आणि परत येऊन शब्दकोडं उघडून बसले.

शहरात दोन मतं झाली. पहिलं, बाईही त्यातलीच. दुसरं, बाईने घरभेदीपणा केला. काही रोग्यांनी दवाखाना बदलला. गंमत म्हणजे अध्यक्षांची आई येतच राहिली. एका नोकराला बरोबर घेऊन यायची, नव्या उतारावरून काठी टेकत चढायची, कवळी काढून हातात द्यायची आणि घास म्हणायची. मुलाचा विषय तिनेच एकदा काढला, बोळक्या तोंडाने.

"लहानपणी शेजारच्या पोरांना खेळणी वाटायचा हा," ती म्हणाली. "आणि संध्याकाळी दारोदार फिरून परत गोळा करून आणायचा. मला वाटलं होतं, मोठेपणी सुटली असेल सवय."

सरकारने नेमलेल्या प्रशासकाने गोदाम रिकामं केलं. निम्म्याहून जास्त खुर्च्या भंगारात गेल्या. बाकीच्या धुऊन, चाकं बदलून, जुन्या पोचपावत्यांवरच्या पत्त्यांवर टेम्पोने घरपोच पाठवल्या. मंच नव्हता, फोटो नव्हते. डॉक्टरीणबाईंनी मदतीला येऊ का म्हणून विचारलं होतं, त्यावर प्रशासकाच्या कचेरीतून सभ्यपणे नको असं कळवण्यात आलं. त्यांना ते योग्यच वाटलं, तरी दोन दिवस घास गोड लागला नाही.

थंडी संपता संपता शिवणवाली दवाखान्यात आली. या वेळी खुर्चीतून, नवरा मागून ढकलत होता, आणि उतार थोडा जास्त चढाचा झाल्यामुळे शेवटी त्याला जोर लावावा लागला. दुसऱ्या बाजूची दाढ किडली होती. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची कशी आहे ते विचारलं. बरी आहे, ती म्हणाली, उजवीकडे ओढते जरा, पण घरातल्या घरात मशीनपासून चुलीपर्यंत आता कुणाला हाक मारावी लागत नाही.

मग तिने आपल्या गल्लीतल्या एका म्हातारीची गोष्ट सांगितली. तीही मंचावर गेली होती, हिच्या आधीच्या वर्षी. पायऱ्यांवरून घसरून खुब्याचं हाड मोडलेलं. खुर्ची नसल्यामुळे तिला खाटेवरच ठेवायचे. पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळत गेल्या. शेवटी शेवटी शेजारच्या बायकाही नाकाला पदर लावल्याशिवाय आत जात नव्हत्या. टेम्पो तिच्या दारात आला तेव्हा तिला जाऊन सहा-सात महिने झाले होते. सून म्हणाली, आता कशाला. माणसांनी कागदावर तसं लिहून घेतलं आणि खुर्ची परत टेम्पोत चढवली.

"फोटोत तुम्हीच होतात तिच्यामागे," शिवणवाली म्हणाली. "तिच्या सुनेने लावलाय तो भिंतीवर. दुसरा फोटोच नाही तिचा."

डॉक्टरीणबाईंच्या हातात आरसा होता. तो त्यांनी ताटलीत ठेवला, मग पुन्हा उचलला. काही म्हणावं असं त्यांना पुष्कळ वाटलं आणि त्यातलं एकेक वाक्य तोंडाशी येताच त्यांना स्वतःचाच वीट आला. दिवा खाली ओढून त्यांनी तो तिच्या तोंडावर नीट धरला.

"कुठे दुखतंय ते दाखवा," त्या म्हणाल्या.